वायर

माझे पैंजण वकिलाला गेले.
सात वर्षांनी यांच्या घोट्याला आला काळा पट्टा.
धाकटी विचारते, बाबांचा वाजत काऊन नाही?
वाजतो.
नळाच्या पुढे एक पाऊल टाकलं की.

वर्धा रोडवरून आणलं तेव्हा साहेबांनी
कागदावर आमच्या घराभोवती चौकोन काढला:
संध्याकाळी सात ते सकाळी सात, याच्या आत.
चौकोनात मागाचा खड्डा येतो, मोरी येते,
संडास येत नाही, तो गल्लीच्या टोकाला.
त्यासाठी वेगळा अर्ज करा म्हणाले.

माग विकला तेव्हा खड्ड्यावर फरशी टाकली होती.
यांनी ती काढली. आत पाय सोडून बसतात.
पावडी नाही, तरी घोटे हलतात
डावा, उजवा, डावा,
आणि खाली अंधारात
हिरवा ठिपका लुकलुकतो.

रोज दोन तास भिंतीला जुंपायचं.
वायर दोन हात. तेवढ्यातच जेवण,
तेवढ्यातच धाकटीचे पाढे.

मे महिन्यात डीपी जळाली.
कूलर गचके देऊन थांबला, सगळी टांडापेठ काळी,
आणि खड्ड्यातला ठिपका लाल.
पट्टा बंद पडला तर तिकडे दिसणार: पळाला.
फोन लावला. आपण रांगेत आहात.

गल्लीत इन्व्हर्टर एकच,
नळाच्या पलीकडे, रेवाबाई सोनकुसरेकडे.
उमराव तिचा.
पाण्याच्या नंबरावरून भांडण,
यांचा एकच रट्टा,
आणि नळाचा ओटा.

सात वर्षांत तिच्या दारी गेले नव्हते.
गेले. तोंडातून शब्द फुटेना,
हातातला प्लग नुसता पुढे केला.
तिने पाहिला. आत गेली.
वाटलं, दार लावणार.

मग वाळत्या लुगड्याखालून
पिवळी वायर आली,
ओट्यावरून,
नेमकी त्याच कोपऱ्यावरून,
आमच्या उंबऱ्यापर्यंत.

दोन तास ती दारात बसून राहिली
पदराने वारा घेत.
यांनी मान वर केली नाही.
मी म्हटलं, मावशी, तुमचे उपकार...

'उपकार नाही व बाई.
ह्याले परत आत नेलं,
तं सकाळी उठून मी पाहू कोनाले?'

ठिपका हिरवा झाला.
तिने वायर ओढून घेतली,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
सुताची लडी करावी तशी,
कुठे गाठ पडू न देता.