सहा आकडे

इंदोऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर गजभियेंच्या मागे
बिस्किटांचे डबे असायचे,
डब्यांत कार्डं, आडनावांप्रमाणे नाही,
गल्ल्यांप्रमाणे.

प्रांजूच्या कार्डावर
'सिकल' त्यांनी पेन्सिलनं लिहिलं.
म्हटलं, पेन काऊन नाही जी?
म्हणाले, रक्त तिचं आहे.
शाई तिलाच भरू दे, मोठी झाल्यावर.

आता तिथं काच आहे, टोकन आहे.
काउंटरवरचा पोरगा चांगला आहे, मावशी म्हणतो.
"एकदा चढवलं की दिल्लीतही दिसेल."
दिल्लीत कोण आहे आमचं?
आणि कामठी रोडच्या त्या घरी,
जिथले लोक रविवारी पोहे खायला येणार आहेत,
तिथं?

"सेफ असते, मावशी."

सेफ तर तो डबाही होता.
झाकण गंजलेलं. कोणी उघडला
की कर्रकन अख्ख्या दवाखान्याला कळायचं.

फोन थरथरला. सहा आकडे.
पोरगा कीबोर्डवर बोटं ठेवून थांबला.
मागे रांग, मे महिना, ओल्या वाळ्याचा वास.

मी फोन प्रांजूच्या हातात दिला.
तिनं तो पालथा ठेवला
आणि कोरा कागद मागितला.