राखाडी खडू

बेचाळीस मुलं, आणि मेणखडूंचे डबे तीन.
लाल झिजून नखाएवढा उरलाय,
पिवळ्याचे दोन तुकडे दोन बाकांनी वाटून घेतलेत,
राखाडी तेवढा कोरा, कागदी वेष्टनासकट.
राखाडीला कोण हात लावणार?
चुलीतली राख, ओला रस्ता, मेलेला उंदीर,
असलं काही मुलं आपणहून रंगवत नाहीत.

काल रात्री कंदिलापाशी बसून मी पक्षी काढले.
नुसत्या रेषा. आत काही नाही.
नालुबाले सरोवराच्या ह्या काठावरचे,
आपल्या दलदलीतलेच सगळे, मुद्दाम;
मागे कंपालाहून आलेल्या पुस्तकात पेंग्विन होता,
आणि नाकालेमानं विचारलं होतं,
"मिस, हा आजारी आहे का? उडत का नाही?"

खंड्यासाठी मारामारी झाली.
निळा, नारिंगी, पुन्हा निळा, गालावर जांभळा,
खंड्या म्हणजे खडूंची जत्राच.
मुकुटवाल्या न्गालीला बाबिर्येनं
वर चष्माही घातला.

नाबुकेराच्या वाट्याला बगळा.
ती बगळ्याच्याच कुळातली,
त्यांच्या घरी बगळ्यावर कुणी दगड उचलत नाही.
पांढरा कागद, पांढरा पक्षी,
आता रंगवायचं काय?
बराच वेळ खडू चावत बसली.
मग बगळ्याला तिनं शिवलंच नाही.
भोवतीनं हिरवं भरलं, तांबडी माती,
लांब शिंगांची गाय, गायीच्या पाठीवर ऊन,
आणि मधोमध, न रंगवलेला कागद
एक पाय दुमडून उभा राहिला.
मी फळ्याकडे तोंड करून
उगाच काहीतरी पुसलं.

लुबोवाला बुल्वे आला.
त्यानं कागद पालथा घातला.
"बाबा म्हणतात, हा आडवा आला की
दिवसभर एक मांबा मासा लागत नाही जाळ्याला.
दिसला की वल्ह्यानं हाणायचा."
वर्ग गप्प. कुणीतरी मान डोलावली.
पाठ तयार होता माझा, पक्ष्यांचे उपयोग वगैरे.
तो घशातच राहिला.
म्हटलं, नको रंगवूस. घरी ने.
बाबांना दाखव, बस.

शनिवारी त्याचे बाबा शाळेत आले.
घोट्यापर्यंत चिखल, अंगाला माशांचा वास,
हातात चार घड्या घातलेला माझा कागद.
वाटलं, आता बोलणी खायची.

"हे तुम्ही काढलंत?"
हो.
"कधी पाहिलाय?"
होडीतून. लांबून. एकदा.
"दिसतंच आहे."

मुलांच्या बाकावर बसले ते,
गुडघे हनुवटीला टेकवून.
"चोचीच्या टोकाला आकडा असतो. गळासारखा.
डोक्यामागे तुरा, झोपेतून उठलेल्या पोरासारखा.
आणि बोटं? एवढ्याशा बोटांवर तो बुडेल की हो!
तासभर उभा असतो. माशी बसली तरी हलत नाही.
मग आख्खाच कोसळतो पाण्यात,
पावसात भिंत बसावी तसा."

बोलता बोलता मध्येच ते थांबले,
खिडकीबाहेर थुंकले, सवयीनं,
आणि पेन्सिल मागितली.

आकडा काढला. बोटं वाढवली.
तुऱ्याला तीन फराटे.
मग डब्यात चाचपून राखाडी उचलला,
वेष्टन दातानं सोललं,
कागदाच्या कोपऱ्यात ओढून पाहिला.
"नुसता हा नाही चालायचा.
सकाळी सहाला तो निळा असतो.
म्हणजे धूर असतो ना, तसा निळा."

लुबोवा दारातच उभा होता केव्हाचा.
पळत जाऊन त्यानं निळा आणला,
खंड्याला पुरून उरलेला,
दाण्याएवढा.

अजून हाणता का त्याला? मी विचारलं.

उत्तर आलं नाही.
रंग रेषेबाहेर जाऊ नये म्हणून
त्यांनी जीभ दाताखाली धरली होती.