सारण

एक्केचाळीस वर्षं मी डुक्कर विकलं
लाउथच्या बाजारात, हिरव्या छपराच्या दुकानात.
खांदा, फरा, बरगडी, पोट.
कुठला सांधा कुठे सुटतो ते डोळे मिटून सांगेन.
पण कागदात गुंडाळून दोरी बांधली
की माझं काम संपायचं.
पुढचं गिऱ्हाईक.
विस्तवाशी माझी ओळख अशी कधी झालीच नाही.

थेल्मा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आहे,
उजवं मनगट प्लास्टरमध्ये.
मंगळवारी पायरीवर बर्फ होता, आणि दुधाच्या बाटल्या.
"रविवार चुकवायचा नाही," म्हणाली,
"मी सांगते, तू कर."

साल चिरली. तेवढं मला येतं.
बोटभर अंतरावर रेघा, चरबीपर्यंत,
खाली मांसाला धक्का न लावता.
"मीठ चोळ. अजून.
काटकसर दुकानात केलीस तेवढी पुरे."

मग सारण.
शिळ्या पावाचा चुरा, लोण्यात परतलेला कांदा,
एक आंबट सफरचंद, अंडं.
चुरा किती? "लागेल तेवढा."
कुठवर मळू? "हाताला कळेल."
माझ्या हाताला कळेना.
या हाताला हाडाचा जोड कळतो,
ओला पाव पुरे कधी म्हणतो ते नाही.
तिने डावा हात वाडग्यात घातला, दाबून पाहिलं,
"कोरडं आहे रे. दूध घाल.
आणि सेज कुठाय?"

सेज मागच्या दाराशी.
झुडूप कमरेएवढं, जानेवारीतही राखाडी-हिरवं,
पानांच्या कडा गोठलेल्या.
मूठभर तोडून आणलं आणि सहज विचारलं,
हे लावलंस कधी?
"लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात."
का, ते मी विचारलं नव्हतं.
"तुझ्या हातांना वास यायचा, नॉर्मन.
रक्ताचा, लाकडाच्या भुश्श्याचा. साबणाने जाईना.
तू दारात बूट सोडत असायचास,
तेवढ्यात मी दोन पानं तळव्यावर चुरगळायचे
आणि मग तुझा हात हातात घ्यायचे."

मला वाटायचं, ती हात धरते.

"उभा काय राहिलास? बारीक चीर.
देठं नकोत."

दोन तास ओव्हनच्या काचेसमोर.
हा वास मला फक्त एक वाजताचा ठाऊक होता,
जेवायला हाक आली की जिन्यात भेटणारा.
अकराचा वेगळा असतो, कच्चा, मिठाचा.
साडेअकराला कांदा पुढे येतो.
बाराला सेज.
साल फुगली, तडतडली, सोन्यासारखी झाली,
एक कोपरा सोडून. तो रबरासारखा तसाच,
माझ्याच सुरीने तिथे कच खाल्ली असणार.

ग्रेव्हीची तर बातच नको.
ट्रेच्या तळाची काळपट खरवड मी फेकायला निघालो,
तर ती ओरडली, जणू गल्ला फेकतोय.
"त्यातच तर सगळं आहे!"
मग पीठ, मग बटाट्याचं पाणी, मग गाठी.
एवढ्या गाठी
की चहाच्या गाळणीतून तीनदा गाळली.
ती हसली, इतकी हसली
की प्लास्टर टेबलावर खणाणलं
आणि डोळ्यांत पाणी आलं, दुखलं म्हणूनही.

एक वाजला. वाढलं.
गावाला अर्ध्या पौंडाच्या मापात कापून दिलं आजवर,
हिच्या ताटात सुरी घातली ती आज.
लहान मुलासाठी करावेत तसे तुकडे केले.
"एवढे बारीक? मला दात आहेत."
पण खाल्ले.
सारणाबद्दल काही बोलली नाही.
दुसऱ्यांदा घेतलं, बस्.

रबरी कोपरा मी माझ्या ताटात
बटाट्यांखाली दडवला होता.
तिने पाहिला. ती नेहमीच पाहते.
डाव्या हातातला काटा टेबल ओलांडून आला, अडखळत,
कोपरा उचलून घेऊन गेला,
सरावाने, विचार न करता,
जसा दर रविवारी कुठलातरी कोपरा जात असणार
माझ्या ताटात पोचायच्या आधीच.

मग ती तो चावत राहिली.
बराच वेळ.