परतीचा बिल्ला

डिसेंबरात हाप्सालूला साडेतीनलाच दिवस मिटतो,
आणि कपाटामागे तर तो कधी उघडलेलाच नसतो.
मी पोटावर आडवा, गाल लाकडी फरशीला,
साल्मे माझ्या डोक्यापाशी टॉर्च धरून उभ्या.
"सावकाश," त्या म्हणाल्या,
"तिथं हेइनोशिवाय कुणाचा हात गेलेला नाही."

रेकॉर्डरचं तोंड सगळ्यांच्या ओळखीचं:
घड्याळ, फीत गिळणारी फट, चार बटणं.
पाठ घरच्यांनीसुद्धा बघितलेली नसते.
सत्तावीस वर्षांची धूळ, मांजराच्या केसांचा गोळा
(मांजर कुठलं, ते त्यांनाही आठवेना)
आणि प्रत्येक तारेच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला.

हेइनो चिखलस्नानाच्या आरोग्यधामात बॉयलरवर होता.
जन्मभर नळांना बिल्ले बांधलेला माणूस,
तो कंपनीच्या इंग्रजी खुणा कशाला वाचतोय?
सिग्नल बाहेर पडतो तिथं त्यानं कोरलं: जाणारं.
आत शिरतो तिथं: परतणारं.
छपरावरच्या अँटेनाची वायर: विहीर.
टीव्हीकडे निघालेल्या एकवीस पिनांच्या जाड केबलवर:
मुख्य. ओढू नये.
खाली दोन रेघा.

मी हेच काम करतो रोज.
पिवळी चित्राची, पांढरी डाव्या कानाची, लाल उजव्या,
झोपेतही चुकणार नाही.
पण कुठल्याच यंत्राच्या पाठीशी
मी असा वाचत पडलो नव्हतो.

एक बिल्ला रिकाम्या भोकाशेजारी,
स्क्रूला बांधलेला, नुसताच लोंबणारा:
परतणारं, त्रीनू.
"तिचा कॅमेरा लागायचा तिथं," साल्मे म्हणाल्या.
"मेलबर्नला जाताना घेऊन गेली.
आता तिलाच सगळ्या फिती हव्यात,
फोनमध्ये मावतील अशा."

मी माझी डबी काढली, लॅपटॉपला जोडली.
'जाणारं'मध्ये पिवळी बसवली, मग पांढरी.
लाल भोक काही सापडेना.
बोटांनी चाचपत होतो, तोवर साल्मेंनी
विचारायच्या आत फीत ढकलून चालूही केली.

पडदा काळा.
पिवळी उपसली, फुंकली, पुन्हा बसवली. काळाच.
त्या दिवशी भिंगावरचं झाकण कुणी काढलंच नव्हतं,
हे कळायला आवाज यावा लागला,
एकाच बाजूनं, सर्दी झाल्यासारखा:
"त्रीनू, ते चालू आहे का? असू दे, आधी हे लावू.
साल्मे, उजेड. तिथं नको. खाली.
अगं, खाली."

माझ्या डोक्यावरचा टॉर्च खाली आला.
साल्मे काही बोलल्या नाहीत. हात आला, एवढंच.
आणि दोन बिल्ल्यांच्या मधे, धुळीआड,
लाल कडं चमकलं.
मी पिन दाबली.

खोलीला उजवी बाजू फुटली:
चुलीवर काहीतरी उतू जात होतं,
एक मुलगी खिदळत होती,
आणि तेव्हाची साल्मे करवादत होती,
"धरलाय की नीट! तुझंच डोकं मधे येतंय!"
"येतच होतं मधे," आताच्या साल्मे म्हणाल्या,
मला नव्हे, कपाटाला.

इकडचं रेकॉर्डिंगचं बटण मी अजून दाबलंच नव्हतं.
"मागे घेऊ?"
"घे."
फीत कुरकुरत उलटी फिरू लागली.

त्या ड्रॉवर धुंडाळत बसल्या:
सुतळी, खिळे, जुन्या नाण्यांची डबी,
आणि तळाशी एक कोरा बिल्ला.
"तुझ्या तारेला काहीच नाव नाही," म्हणाल्या.
मी म्हटलं, ती मी संध्याकाळी काढून नेणार आहे.
"मग काय झालं?"
खिळा हातात घेऊन विचार करत राहिल्या.
वाटाण्याचं सूप निवत चाललं होतं,
फीत सुरुवातीला जाऊन खट्‌कन थांबली,
तरी त्यांचं ठरेना
काय कोरावं.