पदसंख्या : एक

नोटीस अजून फळ्यावर आहे, एका टाचणीवर.
केळीवरील विषाणू. प्रकल्प सहायक. पदसंख्या एक.
पद निव्वळ तात्पुरते, अकरा महिने.
प्रवासखर्च देय नाही.

प्रवासखर्च म्हणजे पारोळा ते जळगाव, अर्धं तिकीट.
बाई असल्याचा एवढाच फायदा,
असं मी बाकावर म्हणाले
आणि सावद्याचा भारंबे हसला.
त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर केळीच्या चिकाचा डाग,
धुऊन न जाणारा,
अनुभव-प्रमाणपत्रापेक्षा जुना.

आम्ही एकोणतीस जण.
बाहेर चव्वेचाळीस. भिंतीपलीकडे
उणे ऐंशीचा फ्रीझर घुमतोय.
एवढ्या उन्हात तेवढी थंडी टिकवायला
रात्री लाइट गेली की कुणीतरी उठत असणार.
त्या कुणाचं तरी पद आज रिकामं आहे.

आत तीन खुर्च्या, तीन कप.
अकरा महिन्यांनंतर काय कराल?

मला पिलबाग आठवली.
घड उतरतो, खोड कापून टाकतात,
आणि बुंध्याशी, कुणी जाहिरात न काढता,
पील उभं असतं.
हे सांगावं असं फार वाटलं.
सांगितलं ते असं :
सर, नेट देईन.

मी अठ्ठाविसावी, भारंबे शेवटचा.
म्हणून असेल, नजमा तडवीने आम्हा दोघांना थांबवलं.
तिचं पद मार्चमध्येच संपलंय,
ती अजून येते.
फ्रीझर उघडला तशी वाफ तिच्या ओढणीवर आली.
बारक्या बारक्या नळ्या, तिच्या अक्षरात :
निंभोरा ११. यावल २. रावेर ४, पान पिवळं.
ह्या निळ्या झाकणाच्या फेकायच्या नाहीत,
ती म्हणाली, कुणीही लागलं तरी.
कुणीही म्हणताना तिने
आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तुमचं पुढे काय, मी विचारलं.
हैदराबादला एक जागा आहे.
सहा महिने.
आणि तिने दार दोनदा दाबून बंद केलं.

स्टँडवर भारंबेने रस पाजला.
निकाल साइटवर लागेल म्हणतात.
लागेल म्हणतात, मीही म्हटलं.

एरंडोलच्या अलीकडे मायचा फोन.
नोकरी लागनी का व?
मी म्हटलं, माहीत नाही.
पण माय,
निळ्या झाकणाच्या फेकायच्या नाहीत.
काय म्हनस?
तेवढ्यात रेंज गेली.