बारा वाजेस्तोवर

शनिवारी संध्याकाळीच बटाटे सोलून व्हायचे,
पातेल्यात पाण्याखाली उद्याची वाट बघत बसायचे.
बुटांचे सहा जोड पॉलिश करून दाराशी,
सायकलींना कुलूप, किल्ली बाबांच्या खिशात.
"झालं सगळं?" बाबा म्हणायचे,
पण तो प्रश्न नसायचा.

रविवारी सुई नाही, कात्री नाही. शीळ तर नाहीच.
आड्रियानाने एकदा परसातली एक बेरी तोडली,
एकच.
जेवताना बाबांनी दुसरी, देठासकट,
तिच्या ताटाशेजारी ठेवली.
बोलले काही नाहीत.
ती आज साठीची आहे, बेरी खात नाही.

चर्च दोनदा. उपदेशाचे तीन भाग, पेपरमिंटच्या तीन गोळ्या.
आई हातमोज्याआडून सरकवायची.
चावायची नाही, विरघळू द्यायची.
अनंतकाळ म्हणजे काय, ते मला
दुसऱ्या आणि तिसऱ्या गोळीच्या मध्ये समजलं.

समुद्राला भरती मात्र रविवारीही यायची,
बांधापलीकडे, झीलंडभर.
तिला कुणी काही बोलत नसे.

मग मार्चमधला तो रविवार.
दुपारच्या उपासनेहून परतताना
कॉपेयानांची गाभण मेंढी चरात रुतलेली.
"शास्त्रात मुभा आहे," बाबा म्हणाले
आणि काळ्या सुटासकट उतरले,
कमरेइतक्या चिखलात.
टोपी वाहून गेली ती गेलीच.
मेंढी वर आली, त्यांच्या कुशीत, बोंबलत.

मेंढी काढायला मुभा होती.
सूट धुवायला नव्हती.

रात्री मी जिन्यात, अनवाणी.
खाली शेगडीजवळ बाबा घोंगडीत गुंडाळलेले,
खाली नुसती लोकरी विजार.
खुर्चीवर सूट ठिबकतोय, घरभर चराचा वास.
आई बाह्या सारून टबापाशी बसलेली,
साबण कोरडा, पाणी स्थिर,
दोघांचे डोळे घड्याळावर.
बाराला वीस.

आई हळूच काहीतरी म्हणाली, मेंढीबद्दल असावं.
बाबांचे खांदे हलायला लागले.
मला वाटलं, रडताहेत.
"हसायलाही बारा वाजू द्या," आई म्हणाली,
आणि तिलाच आवरेना.

ठोके पडू लागले. मी बोटांवर मोजत होते.
नवव्या ठोक्याला
पाण्याचा आवाज आला.

बाबांनी मान वळवली
खिडकीकडे,
जिथे अंधाराशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.