चार बोटं कमी

लोहामंडीच्या मागच्या गल्लीत, भेरूलाल पांचाळच्या अंगणात
हिलमन उभी आहे, मागची चाकं काढून
सागाच्या ठोकळ्यांवर,
डॉक्टरकडे साडी सावरून बसलेल्या बाईसारखी.

फेंडर आणि टायरच्या मध्ये त्यानं आधीच हात घालून पाहिला होता.
उजवीकडे सहा बोटं मावली, डावीकडे दोनच.
"थाकी गी, बेन."
आमच्या घरात पाटे म्हणत, इथल्या बाजारात कमान.
थकण्याला दोन्हीकडे शब्द एकच.

यू-बोल्ट निघेनात.
रात्री डिझेल पाजलं, सकाळी पुन्हा पाजलं,
मग छिन्नी, मग एक माळवी शिवी,
माझ्याकडे बघून अर्ध्यावर गिळलेली.
चौथा बोल्ट त्या अर्ध्या शिवीलाच सुटला.

गोणपाटावर सात पाटे,
लांबापासून आखूडपर्यंत,
मध्ये जुनं ग्रीस, काकवीसारखं.
एकेकाला हातोडीनं टिचकी मारत गेला.
सहा टणटणले.
तिसरा खोकला.

"यो गाडी को नी. टांगा को हे."

दोन्ही टोकं कापलेली, कानशीनं घासलेली,
इतकी नेटकी
की साठ वर्षं कोणाला शंका आली नाही.
आणि अण्णा आल्यागेल्याला सांगायचे,
हिचा स्क्रूसुद्धा बदललेला नाही!
बॉनेटवर तळहात ठेवून सांगायचे.

पुण्याहून श्रीरंगचा रोज फोन:
गिऱ्हाईक पक्कं आहे, त्याला सगळं ओरिजिनल हवंय,
खालून फोटो काढून पाठव.

मी आठवत बसते.
त्रेसष्टचा मे, सांवेरच्या अलीकडे, धाड असा आवाज.
आई आणि मी बाभळीखाली, टरबुजाच्या फाकी, माश्या.
अण्णा कुणाच्या तरी सायकलवर गेले,
दिवेलागणीला टांग्यातून आले, सदरा काळा करून.
टांगेवाल्याचं नाव आठवत नाही.
घोडीचं आठवतं, बिजली.
ती बाभळीचा पाला खात होती
आणि दोघं पुरुष गाडीखाली होते, कंदील मध्ये.

त्या रात्री तो घरी कसा गेला असेल,
कमानीतला एक पाटा आम्हाला देऊन,
हे मी आज, अडुसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा विचारतेय.
विचारायला कोणी नाही.
भेरूलाल भात्याला हवा देतोय.

पाटा तापतो, डाळिंबी होतो,
घाव बसतात, नेमके, घाई नसलेले.
फरशीवर खडूनं ओढलेली कमान;
तिच्यावर ठेवून बघतो, पुन्हा भट्टीत.
जळक्या ऑइलमध्ये बुडवला की
गल्लीभर धूर, आणि वरच्या मजल्यावरून
कोणीतरी खिडकी आपटून लावतं.

"तीजो नवो डालूं? सियागंज में मिल जायगो."
"नको. तोच तापव."

श्रीरंगला मी उजव्या बाजूचा फोटो पाठवला.

संध्याकाळी सगळं जागेवर चढलं.
शॅकलचे नट मात्र त्यानं हातानंच फिरवले, सैल.
"आवळ की."
"अबी नी. पेलां बोझो आवा दो."
अधांतरी आवळलं तर बुशाचं रबर पिळवटतं,
पहिल्याच खड्ड्यात फाटतं.
जे आवळायचं ते वजन घेतल्यावर,
हे अण्णांना माहीत असणार.
मला कोणी सांगितलं नव्हतं.

ठोकळे निघाले. गाडी बसली, हलली, पुन्हा बसली.
मला म्हणाला, तुम्हीही मागे बसा.
बसले, डावीकडे.
खालून पान्याची कुरकुर माझ्या टाचांपर्यंत येत होती.

मग त्यानं फेंडरखाली हात घातला.
उजवीकडे सहा. डावीकडे पाच.
"एक बोट अजून कमीच आहे, भेरूलाल."
"वो टांगा को," हात पुसत म्हणाला. "रेवा दो."

मी पाचशे जास्त दिले,
कशाचे ते न सांगता.
त्यानं मोजले,
शंभर परत केले.